खोडायचं वाक्य

नोटीस बोर्डावर ‘ट्युटोरियल, तुकडी क’ या मथळ्याखाली स्वतःचं नाव दिसलं, तेव्हा अक्षदाने यादी पुन्हा वरून खाली वाचली. खडवलीच्या शाळेत जादा तासाला बसवायचे ते कच्च्या पोरांना. गणिताच्या जादा तासाला दहावीची सहा पोरं थांबायची आणि घरी निघालेली सगळी शाळा त्यांच्याकडे कशी बघत जायची, ते तिला पक्कं ठाऊक होतं. कल्याणच्या कॉलेजात येऊन जेमतेम दोन आठवडे झालेले, अजून एक साधी चाचणी नाही, आणि यांना आपलं कळलंसुद्धा. घरी तिने काही सांगितलं नाही. गुरुवारी उशीर होईल, एवढंच म्हणाली.

समाजशास्त्र तिने स्वतःहून घेतलं होतं. इतिहासात गेलेली माणसं, अर्थशास्त्रात आकडे, आणि यात म्हणे हिंडतीफिरती, जेवतीखाती, रुसतीफुगती माणसं. सकाळच्या व्याख्यानाला ती तिसऱ्या बाकावर बसायची आणि मॅडमच्या तोंडून पडेल तो शब्द, प्राजक्ताची फुलं ओच्यात घ्यावीत तसा, वहीत घ्यायची. तिथे शंभर डोकी. कुणी कुणाला विचारत नसे.

ट्युटोरियलची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. फळा नावापुरता, मधोमध लांबट टेबल, भोवती तेरा खुर्च्या. अक्षदाने भिंतीजवळची खुर्ची धरली, नवी वही उघडली, तारीख घातली, लाल पेनाने समास आखला.

चित्रा मॅडम आल्या. डोंबिवलीच्या, निवृत्तीला टेकलेल्या, केस पिंजलेल्या कापसासारखे, बोलणं इस्त्रीच्या सुती साडीसारखं, एकही सुरकुती नाही. ‘शेजार’ नावाचा चार पानी लेख आधी वाचून यायला सांगितला होता. मॅडम बसल्या, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, “मग, वाचून काय वाटलं?”

अक्षदाने लिहिलं, प्रश्न पहिला, वाचून काय वाटलं? खाली ‘उत्तर’ लिहून दोन टिंबं दिली आणि पेन उचलून धरलं.

उत्तर आलंच नाही. मॅडम बघत होत्या, पोरं टेबलाकडे बघत होती, पंखा फिरत होता. कोणी खोकलं. मॅडमनी आणखी दोनदा विचारलं, वेगवेगळ्या तऱ्हेने, आणि तास संपला. वहीत समास, तारीख, एक प्रश्न आणि दोन टिंबं.

“मॅडमची तयारी झालेली नव्हती वाटतं,” जिना उतरताना अक्षदा म्हणाली.

बरोबर तुकडीतलाच दिपेश होता. शीळफाट्याच्या नव्या टॉवरमध्ये राहणारा, केसांत जेल, बोलणं तोंडातच तयार असलेलं, फक्त मॅडमसमोर सोडून. “अगं, त्यांची होती. आपली नव्हती,” तो म्हणाला. “टेन्शन नको घेऊ. आपल्याला पण सेट मिळतो.”

“कसला सेट?”

“तयार उत्तरांचा, पंढरीकाकांकडे. मागच्या वर्षीची पोरं ठेवून जातात. मी ऑलरेडी बोलून आलोय.”

पंढरीकाकांचं झेरॉक्सचं दुकान कॉलेजच्या फाटकासमोर. त्या दुकानावर पोरांचा मोठा विश्वास होता, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं नाही. आठवीपासून बारावीपर्यंत सगळे क्लासला गेलेले. तिथे सर लिहून देत, पोरं पाठ करत, पेपरात तेच येई. कल्याणपासून कसाऱ्यापर्यंत कुठल्याही पोराला अभ्यास म्हणजे काय विचारलं, तर त्याने हेच सांगितलं असतं. तेव्हा पुढच्या गुरुवारी प्रत्येकाने ‘शेजार’वर एक पान लिहून आणायचं, असं मॅडमनी सांगताच तुकडी क शहाण्यासारखी रांगेत उभी राहिली. पंढरीकाकांनी मशीनवर हात ठेवून विचारलं, “किती जण रे?” आणि बारा प्रती काढल्या.

गुरुवार आला. मॅडमनी दिपेशला आधी वाचायला सांगितलं.

“शेजार ही समाजाची पायाभरणी होय,” दिपेशने सुरुवात केली आणि पान संपवलं.

मॅडमनी मान डोलावली. त्याच्या शेजारी अंतरा होती, डोंबिवलीच्या जुन्या सोसायटीतली, वेणीचं टोक चघळायची सवय असलेली. “शेजार ही समाजाची पायाभरणी होय,” तिने वाचलं. पुढे तिचा आवाज खाली खाली गेला.

तिसरी पाळी अक्षदाची. तिने हुशारी करून एक बदल केला होता. “शेजार ही समाजाची पायाभरणी आहे,” ती म्हणाली.

मॅडम हसल्या. मनापासून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. “पंढरी बरे आहेत ना? यंदा शाई छान आलीय.”

तुकडी क टेबलाच्या लाकडात शिरू पाहत होती.

“घाबरू नका, मी रागावले नाही,” मॅडम म्हणाल्या. “हे वाक्य माझंच आहे. फार वर्षांपूर्वी याच खोलीत मी ते फळ्यावर लिहिलं होतं. म्हटलं, हे वाक्य गुळगुळीत आहे, याच्याशी भांडा, खोडून दाखवा. पोरांनी ते सुंदर अक्षरात उतरवून घेतलं. तेव्हापासून दर वर्षी कुणी ना कुणी ते मला परत आणून देतं. भांडायला मात्र कुणी येत नाही.”

त्यांनी उठून ते वाक्य पुन्हा फळ्यावर लिहिलं.

“शिकवते मी सकाळी. इथे तुम्ही बोलायचं आणि मी ऐकायचं. चुकलात तरी चालेल, त्यासाठीच तर दार लावून बसतो आपण. हा तास कच्च्यांचा नाही आणि पक्क्यांचाही नाही, सगळ्यांना असतो, तुकड्या आडनावांप्रमाणे पाडल्यात. पुढच्या गुरुवारी हे वाक्य खोडायचं. सुरुवात अक्षदा करील.”

आपण ढ म्हणून इथे नाही, हे ऐकून अक्षदाला क्षणभर हलकं वाटलं. शेवटचं वाक्य ऐकलं आणि तो हलकेपणा गेला.

ती थेट ऑफिसच्या खिडकीवर गेली आणि विषय बदलण्याचा अर्ज घेऊन आली. पुढल्या आठवड्यातल्या शनिवारपर्यंत मुदत होती. भूगोलाला ट्युटोरियल नव्हतं, नकाशे होते. नकाशा काही विचारत नाही.

अर्जावर पालकांची सही लागत होती. वडिलांना ती भाऊ म्हणायची. भाऊ आंबिवलीला कामाला होते, संध्याकाळी येऊन ओट्यावर चहा घेत बसले होते.

“विषय जड जातोय?” त्यांनी विचारलं.

“नाही. आवडतो. पण बोलायला लावतात.”

“मग बोल की. घरात काय कमी बोलतेस?”

“घरात विचारून नाही ना बोलत. मॅडमसमोर काय बोलू? त्या मॅडम आहेत. त्यांचं वाक्य मी चूक कसं म्हणू?”

भाऊंनी सही केली, खाली तारीख घालून अर्ज हलवून वाळवला, आणि म्हणाले, “तुला पाहिजे तर दे. नाहीतर ठेव.”

अक्षदाने मनाशी करार केला. गुरुवारी तोंड उघडलं तर राहायचं. नाही उघडलं तर तासावरून थेट खिडकी.

बुधवारी दुपारी पलीकडे शेजारच्या रमाबाईंच्या पडवीत हळदीच्या गाण्यांची तयारी होती. रमाबाईंच्या पुतणीचं लग्न. अक्षदाची आत्या, आवडाबाई, गावातल्या लग्नांत गाणं सुरू करून देणारी. आवाज खणखणीत, चोळीच्या बाहीला हळद कायमची लागलेली. अक्षदा तांदूळ निवडायला बसली, पण डोक्यात पायाभरणी.

आवडाबाईंनी सूर धरला,

“शेजीच्या अंगणी माझ्या ताकाची घागर,
शेजी नव्हं बाई, माझ्या मायेचं आगर.”

बायकांनी ओळ उचलली. तेवढ्यात रमाबाईंनी सूप थांबवलं आणि वरच्या पट्टीत म्हटलं,

“मायेचं आगर, मधी बाभळीचं कुंपण,
कोंबडी गं गेली, कळलं शेजीचं मोठंपण.”

पडवी हसली. आवडाबाईंनी श्वाससुद्धा घेतला नाही,

“कोंबडी परतली, संगं आणली पिलं बारा,
आता सांग शेजी, कुणी खाल्ला कुणाचा चारा.”

मग तिसऱ्या बाईने पिलांची वाटणी मांडली, चौथीने त्यातलं एक पिलू मांजराला दिलं. गाणं लिंबाच्या फांदीसारखं कुठल्या कुठे पसरत चाललं.

अक्षदा आत्याजवळ सरकली. “आत्या, ती कोंबडीची गोष्ट खरी आहे का?”

“तर काय. तीन महिने ठेवून घेतलेली हिने.”

“मी ठेवली नाही, ती राहिली,” रमाबाई म्हणाल्या.

“म्हणजे तुमचं भांडण आहे?”

“भांडण असतं तर गप बसले असते गं,” रमाबाईंनी सूप पुन्हा हलवलं. “हिची ओळ मी मोडली म्हणून हिला पुढची सुचली. नुसतं हो हो केलं असतं तर गाणं दोन ओळीत मेलं असतं. आणि ही मोठी आहे ना माझ्याहून, म्हणून तर मोडायला मजा येते. तू तांदूळ निवड, खडे तसेच चाललेत.”

गुरुवारी अर्ज दप्तरात, पुढच्या कप्प्यात. खोलीत वाक्य फळ्यावर तसंच होतं.

“अक्षदा,” मॅडम म्हणाल्या आणि खुर्ची थोडी मागे सरकवून बसल्या.

अंतराची वेणी तोंडात. अक्षदाचा हात दप्तराच्या कप्प्यावर गेला, आणि तिथेच राहिला.

“मॅडम, हे वाक्य चूक आहे,” ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच कुणा दुसरीचा वाटला. “पाया जमिनीखाली असतो, एकदा घातला की कुणी बघत नाही. शेजार तसा नसतो. तो रोज करावा लागतो. म्हणजे, भांडूनसुद्धा. आमच्या आत्याची कोंबडी शेजारी तीन महिने होती.”

कोणीतरी फिसकन हसलं. अक्षदाने कोंबडीची गोष्ट सांगून टाकली, पिलांसकट.

“पटत नाही,” दिपेश म्हणाला.

मॅडमशी बोलायची हिंमत अक्षदाने गोळा केली होती, दिपेशसाठी काहीच शिल्लक ठेवलं नव्हतं.

“आमच्या मजल्यावर आठ फ्लॅट आहेत,” दिपेश पुढे म्हणाला. “सात जणांची नावं मला माहीत नाहीत. तरी समाज चाललाय ना? पाणी येतं, लिफ्ट चालते. शेजार लागतच नाही.”

“लिफ्ट बंद पडली की?” अक्षदाने विचारलं. विचारून झाल्यावर तिला कळलं की आपण विचारलं.

“वॉचमनला फोन.”

“आणि वॉचमन?”

“त्याचं काय?”

“त्याचं नाव माहितीये का तुला?”

“काका म्हणतो आम्ही.”

“आमच्याकडे उलटंच आहे,” अंतराने वेणी सोडली. “कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते समोरच्या काकू मोजतात. काल आईला म्हणाल्या, डाळ कच्ची राहिली असेल. कधी कधी वाटतं दिपेशच्या बिल्डिंगमध्ये जाऊन राहावं.”

“ये की, नाव कोणी विचारणार नाही.”

मग टेबलाच्या टोकाचा एक जण बोलला, त्याला तोडून दुसरी बोलली. टेबलावर कोपरं आली, वह्या बाजूला सरल्या. चित्रा मॅडम तासभरात दोनदा बोलल्या. एकदा म्हणाल्या, “जरा थांबा, तिचं पूर्ण होऊ दे,” आणि एकदा, “ती पिलं शेवटी कुणाकडे गेली?”

“अजून ठरलं नाही,” अक्षदा म्हणाली.

घंटा झाली. मॅडम उठल्या, डस्टर घेतलं आणि फळ्यावरच्या वाक्यातला ‘पायाभरणी’ हा शब्द पुसला. बाकीचं तसंच ठेवलं. “इथे काय लिहायचं ते पुढच्या वेळी. सुरुवात कोण करणार?”

पुढच्या गुरुवारी आपण इथे असू की नसू हे अक्षदाने अजून ठरवलं नव्हतं. तोंड मात्र आधीच उघडलं होतं. “दिपेशने करावी,” ती म्हणाली. “त्याचं अजून चुकतंय.”

मॅडमनी वहीत दिपेशचं नाव लिहिलं.

“चुकत नाहीये,” जिन्यात दिपेश म्हणत होता. “तू लिफ्टवर घसरलीस. मी शेजाराचं बोलत होतो.”

“मीसुद्धा शेजाराचंच बोलत होते. तू आधी वॉचमनचं नाव विचारून ये.”

“विचारीन. त्याने काय होणार?”

“ते पुढच्या गुरुवारी सांग.”

ऑफिसची खिडकी उघडी होती. आत कारकून चहा पीत होता, बाहेर रांगही नव्हती. दोघं बोलत बोलत खिडकीवरून पुढे गेली, आणि फाटकाशी पंढरीकाकांनी हाक मारून विचारलं, नवीन सेट कधी आणून देताय, तेव्हा त्यांना उत्तर द्यायलाही अक्षदाला सवड नव्हती, कारण दिपेशला एक फार चांगला मुद्दा सुचला होता आणि तो तिला तिथल्या तिथे मोडायचा होता.