अडकणारा बोल्ट

"आधी रंग, मग दगड. रंग न लावता दगड टेकवलास तर हात धुऊन घे आणि ऊठ."

सासरे हे इतक्यांदा म्हणत, की ते वारल्यावरही मी दुकानाच्या मागच्या खोलीत शिरले की पहिल्यांदा तेच कानात येतं. बंदूकदुरुस्तीचं काम त्यांनी मला शिकवलं, कारण त्यांच्या मुलाचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, हात जड. तो पुढे काउंटर सांभाळतो. पूजाअर्चा करणारी बाई बंदुकांत हात घालते म्हणून लोक हसतात. हसोत बापडे. रोज सकाळी देवापुढे बसून मी नेम घेते, आज कुणाला कडू बोलायचं नाही. बहुतेक दिवशी तो सहज निभतो.

धाकटे दीर रायफल घेऊन आले, तो दिवस सहज जाण्यातला नव्हता.

"वहिनी, बोल्ट मेला जाम झालाय. मागेपुढे करता करता घाम फुटतो. सावज काय माझ्यासाठी ताटकळणार आहे? लोण्यासारखा करून द्या बघू."

"तेल घालता का, भाऊजी?"

"घालतो की. स्वयंपाकघरातलं. आपल्या पोटाला चालतं ते हिला चालत नाही होय?"

आत गोळी नाही याची खात्री करून मी बोल्ट, म्हणजे गोळी नळीत ढकलणारा सरकता दांडा, बाहेर ओढला, आणि आधी नाकाला रुमाल लावला. ते तेल सुकून पिवळट चिकटा झाला होता. काडीने उचलला तर त्याची तार निघे. त्यात करडे केस, वाळलेल्या रक्ताच्या खपल्या आणि एका झुरळाची अख्खी तंगडी. वर तो खवट वास. दीर शेजारीच बिस्किटं खात, मागच्या शिकारीत रानडुकराची आतडी कशी बाहेर आली ते रंगवून सांगत होते. बोटं त्यांनी रायफलच्या दस्त्यालाच पुसली.

"तुम्ही पुढे बसा, भाऊजी," मी म्हटलं. कडू नव्हतं ते. पण गोडही नव्हतं.

ते पुढे गेले आणि माझा फोन वाजला. धाकटी जाऊ होती.

"ताई, ते तिकडेच आहेत ना? मग बोलते. हल्ली चाप खोलून काहीतरी घासत बसतात. मला त्यातलं काही कळत नाही. पण झुडपांतून जनावर उठवायला पुढे मलाच घालतात. त्यांच्याबरोबर दुसरं कुणी येतच नाही. बंदुकीत काही वेडंवाकडं दिसलं तर मला घरी येऊन सांगाल? फोनवर नको. घरात असले की माझा फोन तेच घेतात."

"येईन."

"देवाशपथ?"

"देवाला कशाला मध्ये घेतेस? मी येते म्हटलं ना."

रॉकेलमध्ये बुडवून, ब्रशने घासून तो चिकटा निघाला. बोल्ट तरी अडतच होता. मग कुठे घासतं ते कळायला निळा रंग लावला, बोल्ट मागेपुढे केला. एका कडेला रंग पार खरवडून गेला होता. तिथे पोलादाची बारीक धार उभी राहिली होती. तेवढ्याच जागी घासायचा दगड फिरवला. पुन्हा रंग, पुन्हा दगड. शेवटी बोल्ट असा सरकू लागला की एका बोटाने पुढे जावा.

मी तो जरा जोरात पुढे ढकलून बंद केला. आत 'टक्' झालं. चापाला माझं बोटही नव्हतं.

पुन्हा केलं. पुन्हा टक्. आत गोळी असती तर उडाली असती.

चाप खोलला. गोळीवर आदळणारी पिन अडवून धरणारी खिट्टी कानशीने घासून बोथट केलेली. आजवर बोल्ट अडत होता, हळूच बंद व्हायचा, म्हणून ती कशीबशी तग धरून होती. तो मोकळा करून मी जावेच्या पाठीवर नेम धरायचीच सोय केली होती.

नवरा आणि दीर, दोघांना आत बोलावून दाखवलं.

"मग आपटायचा नाही ना जोरात," दीर म्हणाले. "चाप हलका लागतो मला."

"आणि पुढे कोण असतं?"

"ती असते. तिला वाकायची सवय आहे."

आणि हसले. दातांत बिस्किटाचा लगदा. मघाचा चिकटा परवडला, तो निदान रॉकेलने निघाला.

"देऊन टाक ना," नवरा पुटपुटला. "घरचाच माणूस आहे."

"नवी खिट्टी बसल्याशिवाय ही इथून हलणार नाही," मी म्हटलं.

"राहू द्या, वहिनी. घरी दुसरी आहे. तिचाही चाप मीच हलका केलाय, झकास झालाय. उद्या पहाटे तीच नेतो." मग नवऱ्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "चल दादा, आधी चहा पाजतोस का? तुझी बायको तर काही पाजणार नाही."

दोघं समोरच्या हॉटेलात जाऊन बसले. मी रायफल कपाटात घालून कुलूप लावलं. हात साबणाने धुतले, वास जाईना म्हणून परत धुतले. घासलेली खिट्टी रुमालात बांधली, चपला पायांत सरकवल्या आणि मागच्या दाराने जावेच्या घराची वाट धरली.