ब्रेकवरचा पाय

"पाय वर घे. अजून वर. मांडी घाल." गतीमहाराजांनी व्हॅनच्या बॉनेटवर तळहात टेकवला आणि डोळे मिटले. "आता अंकुश ओढ."

अंकुश म्हणजे हँडब्रेक. ड्रायव्हरच्या सीटवर अनवाणी बसलेल्या दिराने तो करकरत ओढला, पाय सीटवर घेतले आणि हात जोडून मंत्र पुटपुटायला सुरुवात केली. गेला महिनाभर ही पांढरी व्हॅन थांबली रे थांबली की बंद पडत होती. आज ती जागच्या जागी उभी राहून गुरगुरत होती. एक मिनिट झालं, दोन झाली, पाच झाली. स्टँडवर जमलेल्या शंभरेक माणसांनी आपोआप हात जोडले. फळवाल्याने तर गिऱ्हाईक सोडून डोकं टेकवलं.

"ज्याने बारा वर्षं ही गाडी हाकली, तो अजून इथेच बसलाय," महाराज म्हणाले. "त्याच्या आसनाला बाईचा पाय लागलेला त्याला खपत नाही. म्हणून तो इंजिनाचा श्वास आवळतो. भावाने पाय आवरले, श्वास मोकळा झाला. चाक भावाने धरावं, अशी त्याची इच्छा आहे."

मेलेल्या माणसाचं म्हणणं इतकं स्वच्छ ऐकू येणाऱ्या या गृहस्थांना जिवंत बाईचं म्हणणं मात्र एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं. ती बाई गर्दीच्या मागे, तिकीटखिडकीच्या भिंतीला टेकून उभी होती. नवरा हृदयविकाराने गेला त्याला दीड वर्ष झालं होतं. तेराव्या महिन्यापर्यंत तिला गाडी चालवताना बघून लोक भुवया उंचावत होते, मग सवय झाली, आणि सगळा स्टँड तिला वहिनी म्हणू लागला. मूत्रपिंडं निकामी झालेल्या चार माणसांना आठवड्यातून तीनदा शहरातल्या इस्पितळात डायलिसिसला न्यायचं आणि आणायचं, हे तिचं काम. या गाडीवरच तिचं घर चालत होतं.

गाडी बंद पडायला लागली तेव्हा तिने मिस्त्रीला दाखवली. त्याने प्लग बदलले, कार्बोरेटर धुतला, थांबल्यावर इंजिन ज्या वेगाने चालतं तो 'स्लो' वाढवून दिला आणि "जुनी झालीय हो" म्हणून हात झटकले. मग कामधंद्याविना बसलेल्या दिराने महाराजांना आणलं. आता पेशंटच्या घरचे घाबरले होते. आज सकाळी, शुक्रवारच्या फेरीला, चारांतले दोघे आलेच नव्हते. त्यातल्या आजींचे पाय सुजून टम्म झाल्याचा निरोप आला होता.

"रविवारी सगळ्यांसमोर गाडी भाऊजींच्या हवाली करा," गर्दी पांगल्यावर महाराजांचा शिष्य तिला सांगून गेला. "त्या दिवशी गाडी त्यांच्या नावावर करायच्या कागदावर सही करायची."

वहिनी घरी आली ती धुमसतच. तिला रडू येत नव्हतं, संताप येत होता. तिला गाडी शिकवली होती कुणी? त्यानेच. क्लचवर तिचा पाय थरथरला की तो हसायचा आणि म्हणायचा, "गाडीला कळत नाही कोण बसलंय. तिला फक्त कळतं काय दाबलंय." तो माणूस मेल्यावर तिची वाट अडवेल? हा त्याच्यावर घेतलेला आळ होता, आणि तो तिला सहन होणं शक्य नव्हतं.

चार पेशंटांपैकी एक होते निवृत्त गणिताचे मास्तर. ते शुक्रवारीही आले होते. वहिनी दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्यांच्याकडे गेली.

"मास्तर, माझ्या हाताखाली गाडी मरते आणि भाऊजींच्या हाताखाली जगते. फरक काय?"

"तूच सांग."

"मी बाई, ते पुरुष. मी मंत्र म्हणत नाही. माझ्या पायांत चपला असतात. त्यांनी पाय वर घेतले होते. आणि हँडब्रेक ओढला होता."

"झालं तर. पाच गोष्टी एकदम बदलल्यात, मग कशामुळे फरक पडला ते कसं कळणार? एका वेळी एकच बदल." मास्तरांनी वही घेतली. "चल, तुझ्या अंगणात जाऊ."

गाडी अंगणात होती. एक किल्ली दिराने ठेवून घेतली होती, पण दुसरी वहिनीच्या शिवणाच्या डब्यात होती. तिने गाडी सुरू केली, हँडब्रेक ओढला, चपला घालूनच पाय वर घेतले आणि तोंडाला कुलूप लावलं. गाडी चालू राहिली. मास्तरांनी लिहिलं. मग उजवा पाय अलगद ॲक्सिलरेटरवर ठेवला. चालू. डावा क्लचवर. चालू. मग ब्रेकवर पाय दाबला आणि पायांपाशी कुठेतरी सूंऽऽ असा आवाज झाला, इंजिन दोनदा थरथरलं आणि गप्प बसलं.

"पुन्हा," मास्तर म्हणाले.

सातदा केलं, सातही वेळा बंद पडली. चपला काढून केलं, तरी बंद. मग मास्तर स्वतः चढून बसले, सगळ्या मंत्रांचा एकच गजर करत त्यांनी ब्रेक दाबला, आणि गाडी बंद.

"म्हणजे बाईमाणूस, पुरुषमाणूस असा भेद गाडी करत नाही," मास्तर वहीत लिहीत म्हणाले. "या बाबतीत ती बऱ्याच माणसांच्या पुढे आहे."

वहिनीने बॉनेट उघडलं आणि त्या आवाजाचा माग काढायला सुरुवात केली.

रविवारी स्टँडवर मुंगीला वाट नव्हती. महाराजांनी तोंडभरून आशीर्वाद दिले, शिष्याने कागद पुढे केला. वहिनीने तो घेतला, घडी केली आणि कमरेला खोचला.

"सही करते. पण आधी महाराजांनी स्वतः गाडीत बसावं. इतकी गती ज्यांच्या हातात, त्यांनी नुसता ब्रेकवर पाय ठेवून दाखवावा."

"मी पाय लावत नसतो," महाराज म्हणाले. "कोप होईल."

"होऊ द्या. कोप माझ्यावर." ती सीटवर चढली. चपला घालूनच तिने मांडी ठोकली, हँडब्रेक ओढला आणि गाडी सुरू केली. मंत्र म्हणायचाच म्हणून समोरच्या भिंतीवरचं बसचं वेळापत्रक ती खर्जात वाचू लागली. "सव्वासात, पावणेआठ, साडेआठ, फक्त शनिवारी नऊ वीस." गाडी गुरगुरत राहिली. गर्दीत पहिलं हसू फुटलं.

"आत्म्याने क्षमा केली," महाराज घाईने म्हणाले.

"आता बघा." तिने ब्रेक दाबला. इंजिन थरथरून बंद पडलं. तिने पुन्हा सुरू केलं, पुन्हा दाबलं, पुन्हा बंद. "भाऊजी, तुम्ही बसा. अनवाणी बसा, मंत्र म्हणा, पण पाय ब्रेकवर ठेवा."

दीर बसला. इतक्या लोकांसमोर नाही म्हणता येईना. त्याचा मंत्र अर्ध्यावर आला आणि गाडी मेली. तो महाराजांकडे बघत राहिला आणि महाराज आभाळाकडे.

वहिनीने बॉनेट उघडलं. ब्रेकमागच्या काळ्या गोल डब्यातून एक रबरी नळी इंजिनाकडे जात होती. तिने ती डब्यापासून उपटली आणि फळवाल्याला जवळ बोलावलं. "नळीच्या तोंडावर अंगठा दाबून ठेवा."

फळवाल्याने भीतभीत अंगठा लावला, वहिनीच्या सांगण्यावरून दिराने पाय वरच ठेवून गाडी सुरू केली, आणि फळवाला ओरडला, "अरे, ओढतंय की."

"इंजिन हवा ओढतं. त्या ओढीच्या जोरावर हा डबा ब्रेक दाबायला पायाला मदत करतो. बूस्टर म्हणतात याला. आत रबराचा पडदा असतो, तो फाटलाय. ब्रेक दाबला की फटीतून भलतीच हवा इंजिनात शिरते. पळत्या गाडीत ते निभतं. थांबलेल्या गाडीत इंजिन जेमतेम घोट घोट पेट्रोल पीत असतं, त्यात हवा वाढली की पाणी घातलेल्या ताकासारखं होतं, सत्त्वच उरत नाही. मग बंद पडतं." अंगठा काढायला लावून तिने नळीच्या तोंडात चटकन एक जाड बोल्ट घट्ट बसवला. "भाऊजी, आता दाबा ब्रेक."

दिराने डोळे मिटून दाबला. इंजिन एका लयीत चालू राहिलं.

"बघितलंत?" महाराज पुढे सरसावले. "आत्मा तृप्त झाला."

"थांबा." वहिनीने बोल्ट काढला, नळी परत डब्याला जोडली. "दाबा." गाडी बंद पडली. "झाला अतृप्त. सांगाल तितक्या वेळा तृप्त करून देते, दक्षिणा घेत नाही."

आता सगळा स्टँड हसत होता. नाही हसला तो दीर. तो खाली उतरला आणि महाराजांसमोर उभा राहिला. "तुम्ही आमच्या अंगणात तासभर बॉनेट उघडून बसला होतात. आधी कुठल्याशा डेपोत मेकॅनिक होतो म्हणालात. तुम्हाला हे माहीत होतं."

महाराजांना तेवढ्यात कुठेतरी तातडीने जायचं आठवलं. लोकांनी वाट दिली, फक्त यावेळी वाकलं कुणी नाही.

वहिनी मात्र हसत नव्हती. "हसताय काय?" ती गर्दीकडे वळली. "पडदा फाटला की ब्रेक दगडासारखा कडक होतो. महिनाभर तो कडक लागतोय, आणि मलासुद्धा वाटत राहिलं की माझाच पाय थकलाय. कुणी सांगितलं आत्मा आहे, तर तुम्ही हात जोडले. उद्या भाऊजी मांडी घालून इथे नमस्कार घेतील, पण उतारावर चार आजारी माणसं मागे असताना ब्रेक दाबावाच लागेल, आणि तेव्हा गाडी वेळेत थांबणार नाही. दोन माणसं शुक्रवारी डायलिसिसला गेली नाहीत, भुताच्या भीतीने. त्यांच्या अंगात साठलेलं पाणी कुठल्या मंत्राने उतरणार होतं? माझा नवरा मेलाय. तो कुणाला अडवत नाही. अडवतंय ते आपलं न विचारणं."

तिने कमरेचा कागद काढून फाडला आणि गाडीला लावलेली किल्ली स्वतःच काढून घेतली.

"बूस्टर बदलेपर्यंत ही गाडी कुणी चालवायची नाही. मीही नाही. भाऊजी, उद्यासाठी दुसरी गाडी ठरवा. चौघांनाही नेलं पाहिजे, आजींना सगळ्यांत आधी."

दीर फोन काढून बाजूला गेला.

पुढच्या शुक्रवारी बूस्टर बदललेली व्हॅन दारात उभी राहिली. आजी काठी टेकत आल्या, पण पायरीवर पाय ठेवून थबकल्या. इंजिन चालू होतं, वहिनीचा पाय ब्रेकवर होता.

"वाटेत बंद नाही ना पडणार गं?"

"पडली तर पडली, आजी," वहिनी म्हणाली आणि हात पुढे केला. "खाली उतरू आणि कारण शोधू."