सारूकांच्या जखमा

सारूकांच्या जखमा भरतात की नाही, हे ठरवायला रिहाबकडे दुपारी दोनपर्यंतचा वेळ होता. दोनला रेकॉर्डिंग सुरू व्हायचं होतं, आणि रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर अबू नादिर कुणाचं ऐकत नसे. एरवीही तो फारसं ऐकायचा असं नाही, पण निदान मान तरी हलवायचा.

सारूक म्हणजे जपानहून आलेल्या एका कार्टून मालिकेतले परग्रहावरचे योद्धे. चार हात, कपाळावर शिंग, आणि साधं पाणी मागायचं तरी युद्ध पुकारल्यासारखं. त्यांना अरबी बोलायला लावायचं काम अम्मानच्या लुवैब्दा टेकडीवरच्या या स्टुडिओत चालायचं. अबू नादिर स्टुडिओचा मालक, आणि योद्ध्यांनी काय बोलायचं ते रिहाब लिहायची. बावीस वर्षांत तिने यंत्रमानव, मधमाश्या, समुद्री चाचे अशा सगळ्यांच्या तोंडी शुद्ध, व्याकरणातली अरबी घातली होती. घरी तिच्या सख्ख्या मुलांनी मात्र तसं बोलायची तसदी कधी घेतली नाही.

स्टुडिओच्या भिंतीवर एक पिवळा पडलेला कागद होता. मुलांच्या मालिकेत दारू नाही, चुंबन नाही, रक्त नाही, आणि कुणी मरायचं नाही. मूळ गोष्टीत मेलाच, तर आपल्याकडे तो प्रवासाला जातो, कैदेत पडतो किंवा उपचाराला जातो. रिहाबने आजवर इतकी मंडळी प्रवासाला पाठवली होती की एखाद्या विमान कंपनीने तिचा सत्कार करायला हरकत नव्हती.

एकोणिसाव्या भागात सारूकांचा सरदार गझनार याच्या छातीतून भाला आरपार गेला होता. मूळ गोष्टीत तो मुलीच्या, नूझाच्या, मांडीवर मरतो. रिहाबने त्याच्या तोंडी वाक्य घातलं, "रडू नकोस, नूझा. आम्हा सारूकांच्या जखमा कितीही खोल असोत, भरतात. मी उपचाराला चाललो." ओठांच्या हालचालींशी वाक्य अगदी तंतोतंत बसलं आणि ती स्वतःवरच खूश झाली. पुढचे भाग तेव्हा कुणी पाहिलेले नव्हते. टेप हप्त्याहप्त्याने यायच्या.

आज सकाळी एकतिसाव्या भागाची टेप आली आणि रिहाबने डोक्याला हात लावला. अख्खा भाग म्हणजे गझनारची अंत्ययात्रा. हजारो सारूक रांगेत उभे राहून छाती बडवतायत, आणि एक म्हातारा सारूक खणखणीत आवाजात सांगतोय की आमचं मांस एकदा फाटलं की पुन्हा कधीच जुळत नाही, म्हणूनच आम्ही शस्त्र उचलण्याआधी सात वेळा विचार करतो. जखम न भरणं हाच त्या जातीचा सगळा अभिमान. आणि इकडे गेले बारा आठवडे निम्म्या अरब मुलखातली पोरं खात्रीने सांगत होती की भरते.

"तो म्हातारा कापून टाक," अबू नादिर म्हणाला.

"म्हातारा कापला तर उरतं काय? वीस मिनिटं नुसती छातीबडव."

"मग म्हणावं, सरदाराला आराम पडावा म्हणून जमलेत सगळे. प्रार्थना करतायत."

लाज वाटण्याजोगी गोष्ट म्हणजे रिहाबला ही कल्पना बरी वाटली. पण भागाच्या शेवटी दुसरी पंचाईत होती. नूझा बापाचं शिरस्त्राण हातात घेते आणि त्यातून गझनारचा आवाज येतो, तिच्यासाठी साठवून ठेवलेला निरोप. चांगला दीड मिनिटाचा. आणि गझनारचा आवाज म्हणजे सगळे ज्यांना आदराने उस्ताज, गुरुजी, म्हणायचे ते बिशारा.

उस्ताज बिशारा एके काळी रेडिओवर बातम्या वाचायचे. त्यांच्या तोंडून महागाईची बातमी आली तरी लोकांना ती ऐकावीशी वाटायची. एकोणिसावा भाग झाला आणि त्याच आठवड्यात त्यांच्या घशातली गाठ काढावी लागली. तेव्हापासून आवाज असा निघायचा, की फरशीवरून कुणी खुर्ची ओढतंय. हा आवाज आता असाच राहणार, असं डॉक्टरांनी त्यांच्या बायकोला स्पष्ट सांगितलं होतं. बायकोने ते रिहाबला सांगितलं, रिहाबने अबू नादिरला, आणि तिघांनी मिळून बिशारांना सांगितलं की सूज आहे, उतरेल. आमच्याकडे अशीच रीत आहे. वाईट बातमी घरादाराला सांगायची, ज्याची आहे त्याला सोडून.

त्यामुळे बिशारा रोज अकराला स्टुडिओत यायचे. कोट, टाय, मफलर. शेगडीजवळच्या खुर्चीत बसून मरमियाचा औषधी पाला घातलेला चहा घ्यायचे आणि घोगऱ्या आवाजात विचारायचे, "पोरी, गझनार कधी परततोय?"

"येईल, उस्ताज. तुमचा घसा सुटला की येईल," रिहाब म्हणायची. सारूकांना आणि बिशारांना ती एकाच पेनाने बरं करत होती.

"निरोप वसीमकडून घेऊ," अबू नादिर म्हणाला. वसीम हा जाहिरातींतला. कुणाचाही आवाज हुबेहूब काढायचा आणि स्वतःच्या आवाजात बोलला की कुणाला पत्ता लागायचा नाही. "तीनला ये म्हणून सांगितलंय त्याला."

रिहाबचं टाळकं फिरलं. "ते दाराबाहेर बसलेत, आणि त्यांच्या देखत तू वसीमला आत घेणार?"

"मग काय करू? तो आवाज लावला तर लोक म्हणतील टेप घासली गेलीय."

"माणसाच्या छातीतून भाला गेलाय, अबू नादिर. तो काय बातम्या वाचल्यासारखा बोलणार? जखमी माणसाचा आवाज पाहिजे, तो बाहेर बसलाय."

अबू नादिरने मान हलवली. मग घड्याळ पाहिलं. "एक टेक. एकच. जमलं नाही, तर वसीम."

रिहाबने घाईघाईने निरोप लिहिला. "नूझा, रडू नकोस. मी बरा होतोय. थोडी कळ काढ, लवकरच परत येतो." पुढे पराक्रमाच्या चार ओळी, दीड मिनिट भरेल एवढ्या. आवाज नुसत्या रिकाम्या शिरस्त्राणातून येणार होता, ओठ दिसणार नव्हते, त्यामुळे वाक्य लहान-मोठं झालं तरी चालणार होतं. तेवढाच एक दिलासा.

तिने बाहेर येऊन कागद बिशारांच्या हातात ठेवला. त्यांनी तो वाचला, उठले, मफलर काढून नीट घडी घातली. बारा आठवडे ते टाय कशासाठी बांधून येत होते, हे रिहाबच्या तेव्हा ध्यानात आलं.

काचेपलीकडे बिशारांनी हेडफोन चढवला. समोरच्या पडद्यावर नूझाने शिरस्त्राण उचललं. अबू नादिरने बटण दाबून बोटाने खूण केली.

"नूझा, रडू नकोस," बिशारा म्हणाले. खुर्ची ओढल्याचाच आवाज, पण संथ. मग त्यांनी कागद खाली ठेवला.

"मागे मी तुला म्हणालो होतो की आमच्या जखमा भरतात. तू घाबरली होतीस, म्हणून म्हणालो. नंतर सगळे तुला तेच सांगत राहिले. माया आहे म्हणून सांगितलं त्यांनी, त्यांच्यावर रागावू नकोस. पण सारूकांच्या जखमा भरत नाहीत. माझीही भरणार नाही. मला हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे. आता माझी वाट बघू नकोस. ज्याचा हात धड आहे त्याला भाला दे, आणि तुझं काम कर."

सगळं शुद्ध अरबीत, एकही प्रत्यय न गाळता. मध्ये दोनदा आवाज पार बसला, दोन्ही वेळा ते थांबले आणि आवंढा गिळून तिथूनच पुढे गेले. पडद्यावर नूझा शिरस्त्राण छातीशी धरून उभी होती. अबू नादिरचं बोट टेप थांबवायच्या बटणावर होतं, त्याने ते दाबलं नाही.

दृश्य संपलं. अबू नादिरने भिंतीवरचा कागद वरपासून खालपर्यंत वाचून काढला, जणू आजच लागलाय.

"मेलो असं कुठेही म्हणालेले नाहीत," तो म्हणाला. "नियमात बसतंय." मग त्याने नाक शिंकरलं आणि शेगडीच्या धुराला दोष दिला. "म्हाताऱ्याचं भाषण आहे तसंच राहू दे. आणि वसीमला फोन करून सांग, येऊ नकोस."

बिशारा बाहेर आले. "तुझं लिहिलेलं बदललं मी. माफ कर, पोरी."

"तुम्हाला कुणी सांगितलं, उस्ताज?"

"सांगायला कशाला हवं? माझाच आवाज. रोज सकाळी पहिला मीच ऐकतो."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही तिघं एवढ्या मेहनतीने लपवत होतात. म्हटलं, कशाला हिरमोड करा."

रिहाबला हसावं की रडावं कळेना. तिने दोन्ही थोडं थोडं केलं. बिशारांनी चहाचा उरलेला पेला उचलला. चहा पार गार झाला होता, तरी उभ्या उभ्या पिऊन टाकला.

"पुढच्या भागात आहे का गझनार?" त्यांनी विचारलं.

बारा आठवडे घोकलेलं उत्तर रिहाबच्या ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं.

"नाही, उस्ताज."

"त्याच्या पुढच्या?"

"नाही. कशातच नाही."

बिशारांनी मान डोलावली. टाय सैल केला, गळ्यातून काढला, गुंडाळी करून कोटाच्या खिशात ठेवला.

"मग उद्या मी उशिरा उठतो," ते म्हणाले.