बाबांच्या कपाळावरची माशी

सकाळचे सात वाजले की आमच्या इमारतीतली अठ्ठावीस दारं एकदम बंद होतात. आत एकेक माणूस, हातात मोबाइल आणि मोबाइलमध्ये बाबा.

पूर्वी बाबा सभागृहात बसत. लोक चारचौघांत प्रश्न विचारत आणि बाबांची दोनदा चांगलीच फजिती झाली. मग ते काळाबरोबर बदलले. म्हणाले, "देव आता तुमच्या खिशात आलाय, फक्त चार्जिंग ठेवा." अट एकच: दर्शन एकट्यानं, दार लावून. दुसऱ्याची सावली पडली तर कृपा आटते म्हणे. आणि बाबा काय बोलले ते कुणाला सांगायचं नाही. आमचे लोक घरातली भांडणं जिन्यात सांगतील, पण हे गुपित मात्र इमानेइतबारे पाळतात.

मी डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स. सासूबाई शिवणकाम करतात आणि त्यांना काचबिंदू आहे. त्यात गेलेली नजर परत येत नाही. रोजच्या थेंबांनी उरलेली टिकते. थेंबांची बाटली दर महिन्याला मीच आणून द्यायचे. एक दिवस शिवणाच्या डब्यात आठ बाटल्या सापडल्या, सीलसकट.

"आई, हे काय?"

"बाबांनी माझं सगळं ऐकून घेतलं गं. म्हणाले, औषधावर नको, माझ्यावर भरवसा ठेव."

मी रडले, भांडले, नवऱ्याला मध्ये घातलं. तो म्हणाला, "तिच्या श्रद्धेच्या आड येऊ नकोस." शेजारच्या काकू तर माझ्याशी बोलायच्याच बंद झाल्या. त्या घरात माझा जीव घुसमटायला लागला. दिवसभर परक्यांच्या डोळ्यांत थेंब घालायचे आणि घरी हात बांधून बसायचं.

शेवटी मीही बाबांकडे नाव नोंदवलं. सातच्या ठोक्याला सासूबाईंच्या खोलीत घुसले आणि आतून कडी लावली.

"अगं बाहेर जा, कृपा आटेल."

"आटू दे."

माझा मोबाइल त्यांच्या मोबाइलशेजारी ठेवला. "बोल, मी ऐकतोय," दोन्हींतले बाबा म्हणाले. घाबरून सासूबाईंच्या तोंडून शब्द फुटेना. मीही गप्प. बाबा मात्र मान डोलावत होते. एका मोबाइलमधल्या बाबांच्या कपाळावर माशी बसली, क्षणभरात दुसऱ्यातल्या बाबांच्याही बसली. दोघांनी डाव्या हातानं ती हाकलली. "समजलं, सगळं समजलं," बाबा म्हणाले. काय समजलं, कपाळ? आम्ही दोघी तर तोंड मिटून बसलो होतो.

"रोज एक चित्रफीत करून ठेवतात, आई. सगळ्यांना तीच. त्यांना ना तुम्ही दिसता, ना ऐकू येता."

त्यांनी मोबाइल पालथा ठेवला. "मग इतके दिवस मी मनातलं कुणाला सांगत होते गं?"

माझा राग तिथेच ओसरला. मला त्यांची फार दया आली, आणि स्वतःची लाजही वाटली. आठ महिन्यांत मी त्यांना बाटल्या दिल्या, पण शेजारी बसून थेंब कधी घातले नव्हते.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, उजवा डोळा गेला, डावा वाचेल. आता थेंब मी घालते. सासूबाई मान वळवून सुई शोधतात.

नमस्कार कुणाला करायचा ते तुमचं तुम्ही ठरवा. पण औषध बंद कर असं कुणी म्हणालं, तर आधी एक साधा प्रश्न विचारा आणि उत्तर त्याच प्रश्नाचं येतंय का ते बघा. "बाबा, मला आजार कोणता आहे?" एवढं जरी सासूबाईंनी पहिल्या दिवशी विचारलं असतं, तरी त्यांना आज दोन्ही डोळ्यांनी दिसलं असतं.