नांजाला सुगीत जन्मली म्हणे

तुम्ही आमच्या बाईंच्या तोंडात शब्द कोंबलेत, आणि एका सकाळी त्यांनी ते थुंकून टाकले म्हणून त्यांना हाकलताय. हे आधीच लिहून टाकतो. पुढचं वाचताना तुम्हाला वाटायला नको की हा वान्योनी नावाचा सायकलवाला गोडीगुलाबीनं काहीतरी मागायला आलाय.

मी किमिलिलीच्या बाजारामागे सायकली दुरुस्त करतो. माझी पोरगी नालिआका तुमच्या कंपनीच्या शाळेत तिसरीत आहे. सरकारी शाळेतून काढून मीच तिला तुमच्याकडे घातली. तिथले मास्तर निम्मा आठवडा स्वतःच्या शेतावर असायचे. तुमच्या नासिमियू बाई रोज असतात. पोरगी वाचायला लागली, हे खरं आहे, मी नाकारत नाही. पण बाईंना तुम्ही शिकवू देत नाही, नुसतं वाचायला लावता. कुठल्यातरी लांबच्या शहरात बसून तुम्ही धडा लिहिता, तो टॅबवर येतो आणि बाईंनी तो शब्दन्‌शब्द म्हणायचा. ‘आता मुलांकडे बघा.’ ‘आता टाळ्या वाजवा.’ पान उलटलं की नाही, तेही तुम्हाला तिकडे कळतं.

गेल्या मंगळवारी धडा आला: ‘ही नांजाला. नांजाला सुगीत जन्मली.’

बाईंनी वाचलं आणि वर्ग हसायला लागला. तुम्हाला कळायचं नाही, म्हणून सांगतो. आम्हा बुकुसू लोकांमध्ये पोर कुठल्या हंगामात झालं ते नावातच असतं. नांजाला म्हणजे भुकेच्या दिवसांतली. कणगी रिकामी, मका अजून शेतात हिरवा, तेव्हाची. सुगीतली असेल तर ती नेकेसा.

वर्गात एक नेकेसा आहेच. ती उठली. “बाई, मग ही माझ्या बाकावर यायला पाहिजे.”

खरीखुरी नांजाला खिडकीपाशी बसते. “मी नाही सरकणार,” ती म्हणाली. “मी झाले तेव्हा घरात रताळ्याचा पाला उकडून खात होते. आईला विचार जा.”

टॅबवर पुढची ओळ होती, ‘सर्वांना शाबास म्हणा.’ बाईंनी टॅब टेबलावर पालथा घातला.

मग त्यांनी अख्खा वर्ग अंगणात नेला आणि नावातल्या हंगामाप्रमाणे गोलात बसवला. उन्हाळ्यातले इकडे, त्यांच्या शेजारी पावसातले, मग खुरपणीतले, भुकेतले, सुगीतले. माझी नालिआका खुरपणीत बसली. गोल फिरून पहिल्या उन्हाळ्याला टेकला आणि पोरांचंच वर्ष तयार झालं. ओटिएनो नावाचा लुओ जमातीतला पोरगा तेवढा उभा राहिला. त्यांच्यात नाव जन्माच्या वेळेवरून ठेवतात आणि हा रात्रीचा.

“बाई, मी कुठं बसू?”

“तूच सांग.”

“रात्र तर सगळ्यांच्यात असते,” तो म्हणाला आणि गोलाभोवती पळत सुटला. ज्याच्या मागून तो जाईल त्यानं डोळे मिटायचे, असं पोरांनीच ठरवलं. मग वाद लागला, की खुरपणी झाली की लगेच भूक का येते. एक म्हणे, सगळं पेरून टाकतो म्हणून. दुसरी म्हणे, मग थोडं मागे ठेवायचं. तिसरा म्हणे, ठेवलेलं उंदीर खातात. पोरीनं घरी येऊन हे मला सांगितलं तेव्हा पुढ्यातली मक्याची उगाली गार झाली तरी तिला भान नव्हतं. तुमच्या टाळ्यांबद्दल तिनं घरी कधी अवाक्षर काढलेलं नाही.

त्याच मंगळवारी दुपारी टॅबवर निरोप आला: धडा सोडला, पान उलटलं नाही. संध्याकाळी बाईंना काढल्याचं कळलं. आम्ही आईबाप शाळेत जाऊन बसलो, तेव्हा शुक्रवारी तुमचा माणूस आला. वाफुला नावाचा तरुण पोरगा, नैरोबीत वाढलेला, हातात त्याचाही टॅब.

“तुमचं म्हणणं आमच्यासाठी मोलाचं आहे,” त्यानं वाचलं.

“बाळा, वर बघ,” नांजालाची आई म्हणाली. ती बाजारात मंदाझी तळते, तिथल्या गोंगाटावर तिचा आवाज तयार झालाय. “माझ्याशी बोलतोयस की त्या पाटीशी?”

लोक हसले. पोरगा वाईट नव्हता. त्यानं टॅब खाली ठेवला. “मावशी, नाव आजीआजोबांचंही ठेवतात. मी भर उन्हाळ्यातला. आजोबांचं नाव वाफुला, म्हणून मी पावसातला झालो. मग नांजाला सुगीत का जन्मू नये?”

बरोबर होतं त्याचं.

“जन्मू दे की,” नांजालाची आई म्हणाली. “पण हे तू टॅब खाली ठेवल्यावर बोललास. बाईंनी तरी दुसरं काय केलं?”

तो म्हणाला, “एकीला मोकळीक दिली तर उद्या सगळे घेतील. कुणी शिकवेल, कुणी शेळ्या बांधायला जाईल. सरकारी शाळा विसरलात का?”

“विसरलो नाही, म्हणून तर विचारतोय,” मी म्हणालो. “न आलेला मास्तर आणि जीव ओतणारी बाई, दोघांना एकाच मापानं मोजता?”

त्यानं टॅब उचलला, त्यावर बोट वरखाली फिरवलं. “याचं उत्तर यात नाही, काका. वर विचारावं लागेल.”

“वर कोण?”

“माहीत नाही. मलाही हुकूम यातच येतात.”

नासिमियू बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. मला राहवेना. म्हणालो, “बाई, माझं अंगण आहे. तिथं शाळा घ्या, पोरं आम्ही आणतो.”

“नको, दादा. चार दिवस याल सगळे, मग तुमच्याच सायकली आडव्या येतील. मला फळा हवा, छप्पर हवं, पगार हवा. टॅबसुद्धा राहू दे, गणित त्यात चांगलं आहे. फक्त लागेल तेव्हा पान थांबवायची मुभा हवी.”

एवढंच मागणं आहे त्यांचं. वाफुलानं ते टॅबवर लिहून घेतलं आणि गेला. आज सोमवार. वर्गात नवी बाई आली आहे, ‘आता मुलांकडे बघा’ असं रिकाम्या बाकांना वाचून दाखवते आहे. पोरं फाटकाबाहेर नासिमियू बाईंजवळ उभी आहेत आणि आम्ही त्यांना आत ढकलत नाही. बाई मात्र ढकलताहेत. “जा रे, माझ्यापायी धडा बुडवू नका,” म्हणताहेत. एकही हलत नाही.

म्हणून मी तुम्हाला विचारतो, वाफुलाला नाही. ज्यानं ते वाक्य लिहिलं तो अजून नोकरीवर आहे. ज्या त्यावर थांबल्या त्या फाटकाबाहेर आहेत. हा कुठला न्याय? नासिमियू बाईंना पान थांबवायची मुभा देऊन आत घेता की नाही? हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, पण स्वतःच्या तोंडानं म्हणा. कधी म्हणताय?