अध्यक्षाबाईंचा चहा

"हसायचं नाही. ज्याला छळतायत त्याचा हात धरायचा. मग मोठ्या माणसाला हाक मारायची. काय मारायची?"

"हाऽऽक!" बालवाडी एका सुरात ओरडली.

"आणि मोठं माणूसच घाबरलं तर?" एवढुशा लारसनं विचारलं.

"मोठी माणसं घाबरत नसतात," बू वेनिंग, म्हणजे वर्गाच्या वेनिंगबाई, म्हणाल्या. शुद्ध थाप! संस्थेच्या अध्यक्षा बू एन्दांग आज यायच्या होत्या, आणि वेनिंगबाई सकाळपासून चारदा फाटकाकडे बघून आल्या होत्या. त्यांना नोकरीत कायम करायचं की घरी बसवायचं, ते या बाई ठरवणार होत्या. घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं.

अध्यक्षाबाई आल्या आणि व्हरांड्यात ऐसपैस बसल्या. झाडलोट करणारी म्हातारी म्बाह सूमी, म्हणजे सूमीआजी, चहा घेऊन आली. अंगावरून वारं गेल्यापासून तिचा उजवा हात लुळा पडला होता. तिनं डाव्या हातानं ग्लास पुढे केला. अख्ख्या जावा बेटावर असं कुणी करत नाही.

"डाव्या हातानं? मला?" बू एन्दांग कडाडल्या. "लाज विकून खाल्लीस काय गं?"

"माफ करा हो बू, हा हात मेला..."

"वर तोंड करून बोलतेस? पोरांनी हेच शिकायचं का? उजव्या हातानं दे!"

म्हातारीनं धडपडून उजव्या हातात ग्लास घ्यायचा प्रयत्न केला. ग्लास खळ्ळकन फुटला. अध्यक्षाबाईंचा ड्रायव्हर फिदीफिदी हसला. दारात जमलेली पोरं हसली नाहीत.

लारस तुरुतुरु पुढे गेली, तिनं म्हातारीचा लुळा हात धरला आणि बोंब ठोकली, "बू वेनिंऽऽग!"

अगं बाई! वेनिंगबाईंचा एक पाय मागे गेला. ऐकलंच नाही असं दाखवून आत सटकावं? पण सगळी पोरं वळून त्यांच्याकडेच बघत होती. त्या गेल्या. आत नाही, म्हातारीकडे. त्यांनी म्हातारीचा दुसरा हात आपल्या उजव्या हातात धरला.

"यांचा उजवा हात चालत नाही, बू."

"बरं. मग तू दे चहा," बू एन्दांग हळू आवाजात म्हणाल्या. "आणि नीट विचार करून दे."

वेनिंगबाईंना रडू येत होतं. म्हातारीचा हात न सोडता त्यांनी टेबलावरची किटली उचलली, तिथलाच दुसरा ग्लास भरला आणि डाव्या हातानं अध्यक्षाबाईंपुढे धरला. गरम चहा हिंदकळून त्यांच्या बोटांवर सांडत होता.