अंधारातली बशी

"झाकल्या टोपलीत जीव धरतो जीव, उघडून बघायची करू नको घाई."

खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवताना आई असं गुणगुणायची. तिची पाठ वळली की लेक हळूच टोपली उचलायचीच. तो आवाज आज, इतक्या वर्षांनी, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावताना तिला ऐकू आला.

अंधारात ठेवलेल्या बशीतल्या पेशी पुन्हा मेल्या होत्या. ही तिसरी खेप.

धातूचं ते संयुग बनवायला ती चार वर्षं खपली होती. निळा उजेड पडला की ते नारिंगी चमकायचं आणि कर्करोगाच्या पेशीला आतून मारायचं. अंधारात मात्र त्यानं गोगलगायीसारखं पडून राहायला हवं होतं. अंधारातही ते मारत असेल, तर ते औषध नव्हे, विष. सरांनी काम बंद करायला सांगितलं, तेव्हा तिनं कसेबसे तीन दिवस मागून घेतले.

पलीकडे शिपाईमामा बाटल्या धूत होते. प्रयोगशाळेतल्या काचेपेक्षा तुम्ही पोरीच जास्त फुटता, असं ते साऱ्यांना चिडवायचे.

तिनं फळीवरची निळी टॉर्च उचलली. महिन्यापूर्वी एकदाच, बशी कशी चमकते ते मामांना दाखवायला, तिनं ती लावली होती. बटण दाबलं. टॉर्च लागली नाही. सेल पार संपले होते.

तिला टोपली उचलणारी ती पोर आठवली.

तिनं नवी बशी भरून चंदेरी कागदात गुंडाळली, उबेच्या कपाटात ठेवली, कुलूप लावून किल्ली खिशात टाकली. मामांनी ते पाहिलं. बाटली भरून वाहू लागली तरी त्यांनी नळ बंद केला नाही. त्यानंतर त्यांनी कुणालाही टोमणा मारला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं कागद सोडला. पेशी बशीच्या तळाला घट्ट बिलगून होत्या. जिवंत. ती स्टुलावर बसली आणि हसता हसता डोळे पुसू लागली.

"जगल्या?" मामांनी दारातूनच विचारलं.

"सगळ्या."

तिनं दुसरं स्टूल त्यांच्याकडे सरकवलं. ते बसले नाहीत. कोरडेच हात पुन्हा पुन्हा पुसत राहिले.

"ताई, टॉर्च मी लावायचो. तुम्ही गेल्यावर, रोज. आमची ही याच दुखण्यानं गेली. ती चमक बघितली की बरं वाटायचं. तुम्ही कुलूप घातलंत तेव्हा कळलं, मी काय करत होतो ते."